उंडीचे बाक

आमच्या चर्चमध्ये उजव्या हाताचे पुढचे सहा बाक उंडीच्या लाकडाचे आहेत. बाकीचे मागाहून आले, कुणाकुणाच्या मुलांनी मुंबईहून पाठवले, गुळगुळीत आणि चकचकीत. उंडीचे बाक जड, थोडे तांबूस, आणि हलवायचे तर चार माणसं लागतात. त्यांच्या शेजारून चालत जाऊन मी लग्नाला उभी राहिले आणि माझ्या तिन्ही पोरांचा बाप्तिस्माही तिथेच झाला. पण ते बाक तिथे आले कसे हे सांगायचं तर मला माझ्या एका आगाऊपणाबद्दल सांगावं लागतं, आणि ते मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. नातवंडांना सांगते तेव्हासुद्धा स्वतःपुरतं गाळून सांगते. आता गुडघे गेले, दात गेले, तिथे ही एक गोष्ट कुणापासून राखून ठेवायची, म्हणून लिहिते आहे.

आमची वाडी रेवदंड्याहून चालत अर्ध्या तासावर, समुद्राच्या अंगाला. नारळाची पंधरावीस झाडं, एक विहीर, तिच्यावर रहाट, आणि पूर्वेकडच्या बांधाला लागून पांढऱ्या कांद्याचे वाफे. बांधापलीकडे हसनचाचाची वाडी, ती सगळी पोफळींची. आमच्याकडे सकाळी जाग यायची ती दोन आवाजांनी, आधी चाचाचा खोकला आणि मग त्याच्या रहाटाची करकर. आमचा बैल चाचाच्या रहाटाचा आवाज ऐकला की आपणहून उठून उभा राहायचा, त्याला हाकारावं लागत नसे. चाचाची बायको मी लहान असतानाच गेली. एकुलता मुलगा आखातात कामाला, त्याचं पत्र आलं की चाचा ते घेऊन आमच्या ओटीवर यायचा, कारण त्याला वाचता येत नसे. पत्रात दरवेळी एकच, की बाबा, वाडी विकून टाक आणि मुंबईला मामूकडे जाऊन राहा, मला इथे काळजी लागते. मी वाचून दाखवायचे आणि चाचा म्हणायचा, "लिही त्याला, पोफळी उभ्या हायत तवर मी हाय." एवढंच उत्तर मी कितीदा लिहून दिलं असेल, देव जाणे.

दोन वाड्यांच्या मधल्या बांधावर सात उंड्या होत्या. आमच्या हद्दीतल्या, माझ्या आज्याने लावलेल्या, दोघांच्या कवेत न मावणाऱ्या. त्यांच्या फळांचं कडू तेल माय काढून ठेवायची आणि पपांच्या पाठीला चोळायची, सगळ्या घराला त्याचा वास. पपांना मात्र त्या उंड्यांचा राग होता. सकाळचं ऊन त्या अडवत आणि कांदा नीट पोसत नसे. कांद्याच्या माळा विणताना दरवर्षी ते त्या झाडांकडे बघून पुटपुटायचे आणि माय म्हणायची, "पोटाला एवढं मिळतंय ते खा की गप." पपा गप बसायचे. ते फार बोलणारे नव्हतेच. जेवायला बसले की भाकरी, सुकट आणि वालाचं बिरडं याशिवाय त्यांना काही नको असायचं, आणि बिरडं खारट झालं तरी ते सांगायचे नाहीत, फक्त पाण्याचा तांब्या जवळ ओढायचे.

रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे सकाळची उपासना, संपली की आम्हा पोरांना रोजाबाय धर्माची शिकवण द्यायची. रोजाबाय म्हणजे पपांची चुलतबहीण, लग्न न केलेली, सडसडीत, डोळ्याने अधू पण नजर अशी की वर्गात कुणी चिंचोका तोंडात टाकला तर तिला दिसायचा. तिच्याकडे पुस्तक होतं, पण ती ते फारसं उघडत नसे. आम्हाला रांगेने बाहेर न्यायची आणि काहीतरी बघायला लावायची. कधी ओंबिलांनी, त्या चावऱ्या तांबड्या मुंग्यांनी, आंब्याची पानं ओढून बांधलेलं घरटं, कधी पिलांवर पंख पसरून बसलेली कोंबडी, कधी ओहोटीला वाळूतले खेकडे. बराच वेळ बघून झालं की एकच प्रश्न विचारायची, "यात कोण कोणाला सांभाळतंय?" चुकीचं उत्तर आलं तर रागवायची नाही, म्हणायची, अजून बघा. तिचं म्हणणं असं की येशू पाखरं आणि रानफुलं बघा म्हणाला, ते उगाच नव्हे. देवाने जे शब्दांत सांगितलं ते आधी करून दाखवलंय, आणि ज्याला बघता येत नाही त्याला पाठ करून काही उपयोग नाही. बाकीची पोरं कंटाळायची. मी नाही. मला उत्तरं पटापट सुचायची आणि उत्तर बरोबर आलं की रोजाबाय संताचं एक छोटं चित्र द्यायची. माझ्याकडे अशी अकरा चित्रं होती, दुसऱ्या कुणाकडे चाराच्या वर नव्हती, आणि हे मी सगळ्यांना सांगत फिरायचे.

पावसाळा संपत आला असताना एका रविवारी तिने आम्हाला हसनचाचाच्या वाडीत नेलं. सुपाऱ्या काढायला माणूस आला होता. हे काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांना खोटं वाटेल. पोफळ म्हणजे पोटरीहून थोडी जाड आणि चार माणसं उंच. तो माणूस एकदाच चढतो. एका झाडाचा घड कापला की वरच्यावर झाडाला झोके देतो, शेजारची पोफळ हाताला आली की तिला धरून तिच्यावर जातो. असा झाडावरून झाडावर जात सगळी ओळ उरकून शेवटच्या झाडावरून खाली येतो. आम्ही माना वर करून बघत होतो आणि खाली चाचा पसरलेल्या विऱ्यांवर, पोफळीच्या गळालेल्या रुंद देठांवर, पडणाऱ्या घडांचा आवाज मोजल्यासारखी मान हलवत होता. रोजाबायने नेहमीचा प्रश्न विचारला. कुणी म्हणालं, झाडं माणसाला सांभाळतात. कुणी म्हणालं, एक झाड दुसऱ्याला हात देतं. ती म्हणाली, बरोबर, पण अजून बघा, या सगळ्यांना कोण सांभाळतंय? मी तेव्हा चाचाकडे ऐकलेलं बोलून टाकलं. म्हटलं, आमच्या उंड्या. पोफळीच्या खोडाला मावळतीचं ऊन चालत नाही, भाजून निघतं, म्हणून पश्चिमेला मोठं झाड लागतं, ते सगळं ऊन स्वतःवर घेतं. चाचा हसला आणि म्हणाला, "पोरीला वाडी कळते." मला बारावं चित्र मिळालं.

हे सगळं मला माहीत होतं, हे ध्यानात ठेवा. पुढे कुणी माझी बाजू घेऊ नये म्हणून सांगते.

त्यानंतर महिनाभरात फादरनी मिस्सेत सांगितलं की चर्चला बाक हवेत, जुन्यांना वाळवी लागली आहे, ज्याच्या घरून जे जमेल ते यावं. नंतर शिकवणीत रोजाबायने आम्हाला विचारलं की तुमच्या घरून काय येईल. कुणी म्हणालं, माझे पपा सुतारकाम करतात, ते फुकट करून देतील. कुणी म्हणालं, कामकऱ्यांच्या जेवणाला आम्ही कोंबड्या देऊ. माझ्यापर्यंत पाळी आली तेव्हा माझ्याकडे काहीच नव्हतं आणि बारा चित्रांवाल्या मुलीला काहीच नाही म्हणणं शक्य नव्हतं. मी उभी राहून म्हणाले, "आमच्या बांधावरच्या सगळ्या उंड्या." रोजाबाय म्हणाली, आधी घरी विचारून ये. पण दारात फादर उभे होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याच संध्याकाळी ते आमच्या घरी आले.

आमच्या घरी फादर तोवर आले होते ते फक्त आज्याच्या शेवटच्या वेळी. मायने धावपळ करून चहा केला, कपबशी शेजारून आणली. फादर पपांना म्हणाले की इनास, तुझ्या मुलीने मला फार आनंद दिला. पपा माझ्याकडे बघत होते. मी जमिनीकडे बघत होते. मग पपांनी मान हलवली आणि म्हणाले की व्हय फादर, देवाचंच आहे. मला वाटलं, ते चिडतील, पण फादर गेल्यावर ते बांधावर जाऊन कांद्याच्या वाफ्यात उभे राहिले, उंड्यांकडे बघितलं आणि आत येऊन मायला म्हणाले की बरंच झालं, ऊन तरी येईल. दुसऱ्या दिवशी ते हसनचाचाला सांगायला गेले. चाचा म्हणाला, नेक काम आहे. पपांनी घरी येऊन ते आनंदाने सांगितलं आणि मला आठवतं, त्या दिवशी ते दोन शब्द जास्त बोलले.

दिवाळी झाली आणि करवत लागली. दोन माणसं, एक इकडे, एक तिकडे, आठ दिवस सकाळपासून तोच आवाज. सातवी उंडी पडली तेव्हा आमच्या अंगणात इतका उजेड झाला की कोंबड्या गोंधळल्या. पुढच्या रविवारी फादरनी पपांचं नाव घेतलं, भर चर्चमध्ये. पपांचे कान लाल झाले होते आणि माझे तर पाय जमिनीवर नव्हते. कांद्याची रोपं लावली, ती त्या वर्षी अशी तरारली की येणारा जाणारा बघून जाई. देवालाही दिलं आणि कांद्यालाही मिळालं, असं माय म्हणाली.

नाताळला आमच्याकडे ताट पाठवायची रीत होती, अजून आहे. नेवऱ्या, कलकल, नारळाच्या वड्या, वर विणलेला रुमाल. चाचाकडचं ताट माझ्या हातून जायचं आणि ते कधी रिकामं परत येत नसे. त्या वर्षी मी गेले तर चाचा घरात नव्हता, वाडीत होता. बांधाकडच्या पहिल्या ओळीत एका पोफळीच्या खोडावर तळहात ठेवून उभा होता. खोड हिरवं राखाडी असतं, ते पश्चिमेच्या अंगाने पिवळं पडलं होतं, मधे तपकिरी चट्टे, एका ठिकाणी उभी चीर. मी पुढच्या झाडाकडे बघितलं, तेही तसंच. सगळी ओळ तशी. दुसऱ्या ओळीतही पिवळेपणा सुरू झाला होता. मी विचारलं, काय झालं. चाचा म्हणाला, "भाजली, बेटी." मग माझ्या हातातलं ताट घेतलं, रुमाल उचलून बघितला आणि म्हणाला की मायला सांग, कलकल छान झालेत. परत देताना ताटात खजूर घातला आणि वर ओंजळभर सुपारी. सुपारी त्याच झाडांची होती.

मी ते घरी सांगितलं नाही. बारा दिवस सांगितलं नाही. मला कळत होतं की चीर गेलेली पोफळ पुढच्या पावसात वाऱ्याने मोडते, एक ओळ गेली की दुसरी भाजते, मग तिसरी, आणि शेवटी त्या मुलाच्या पत्राला द्यायला उत्तर उरत नाही. मधे एक पत्र आलंही. चाचा ते घेऊन आला, मी वाचलं, नेहमीचंच होतं, आणि चाचा पहिल्यांदाच म्हणाला, "आता नको लिहू काय. बघू." ते पत्र घडी करून तो गेला आणि मी मागच्या दारी जाऊन रडले. मग चित्रांची डबी घेऊन रोजाबायकडे गेले आणि ती तिच्या पुढ्यात ठेवली. तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, ओरडेल. ती म्हणाली, "मला पण माहीत होतं, फिलू. फादर दारात उभे होते आणि मी गप बसले." हे तिने तसंच सांगितलं, कसलीही सारवासारव न करता. आजही कुणी मला धर्म म्हणजे काय विचारलं तर मला तिचं ते वाक्य आठवतं.

ती माझ्याबरोबर घरी आली. पपा ओटीवर सुंभ वळत होते. तिने सांगितलं तसे ते बिथरले. एरवी न बोलणारा माणूस बोलायला लागला की घर गप होतं. म्हणाले की झाडं माझ्या बापाची, माझ्या बांधावरची, मी चोरून तोडली नाहीत, सांगून तोडली, आणि दिली ती देवाला दिली, आता देवाकडे परत मागू काय. रोजाबाय उभीच होती. ती म्हणाली, "देवाला तू तुझं दिलं न्हाय, इनास. हसनभाईची सावली दिलीस." पपांच्या हातातलं सुंभ थांबलं. मग ते उठले आणि बांध ओलांडून गेले. मी मागोमाग गेले, मला कुणी थांबवलं नाही.

पपा एकेक झाडाला हात लावत ओळीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. चाचा रहाटाजवळ बसला होता. पपांनी विचारलं, "हसनभाई, मला सांगितलंस का न्हाय?" चाचाने बैलापुढे पेंढा सरकवला. मग म्हणाला, "देवाच्या घरासाठी तोडतोस म्हणालास. तिथं मी काय बोलू?"

पपा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आमच्या नारळाच्या खालच्या झावळ्या उतरवायला सुरुवात केली. पोफळीला ऊन लागू नये म्हणून खोडाभोवती झावळ्या बांधायच्या, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, हे करतात, पण एखाददुसऱ्या झाडाला. इथे दोन ओळी होत्या, बेचाळीस झाडं. आमच्या झावळ्या पुरल्या नाहीत तेव्हा पपा गावात मागायला गेले. मागायला गेले की कशासाठी ते सांगावं लागे, आणि ते सांगत होते, माझ्या हातून असं झालं म्हणून. माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. काहींनी दिल्या, काही येऊन बांधूही लागले, काहींनी म्हटलं की एवढ्यासाठी कशाला, हसनभाई तर तेव्हा खुशीने हो म्हणाला होता. सुपाऱ्या काढणारा माणूस आला, तोही एका झाडावरून दुसऱ्यावर जात वरचं बांधत राहिला. मी आणि माय खालचं बांधायचो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी चाचा माझ्या शेजारी सुंभ धरून बसला असताना मी त्याला म्हणाले, "चाचा, मला ठाऊक होतं. तरी मीच बोलले." त्याने माझ्या हातातली गाठ बघितली आणि म्हणाला, "ढिली हाय. घट्ट बांध." मी ती सोडून परत बांधली.

झावळ्या एक उन्हाळा काढतात, पुढे काय, हा प्रश्न होताच. त्याचं उत्तर पपांनी कुणाला न विचारता दिलं. अजून दीड महिन्याने निघायचा होता तो कांदा त्यांनी उपटला, पातीसकट, सुपारीएवढा असताना, आणि बांधालगतचे सगळे वाफे खणून तिथे केळी लावली, दाट, दोन ओळी. केळ लवकर वाढते आणि तिची पानं रुंद. केळींच्या मागे उंडीची नवी रोपं. त्या वर्षी आमच्याकडे कांद्याची माळ नव्हती, रोज जेवणात पातीची भाजी होती. पावसात नऊ पोफळी मोडल्या. रात्री वारा झाला की सकाळी पपा आधी बांधावर जाऊन मोजायचे. नऊवर ते थांबलं. गणपती गेल्यावर चाचा पत्र घेऊन आला, माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "लिही. पोफळी उभ्या हायत." मी लिहिलं.

आता तिकडे गेलं की ओळखू येत नाही. मांडव्याला बोट लागते, तिथून गाड्या येतात, दोन्ही बाजूंना मुंबईकरांच्या बंगल्यांच्या भिंती झाल्या आहेत. समुद्र दिसावा म्हणून आधी पश्चिमेची झाडं जातात आणि मग लोक विचारतात की आतली पोफळ का वाळली. मी सांगते. ऐकून घेतात, चहा देतात. आमच्या नव्या उंड्या मात्र आहेत, माझ्या भावाने हात लावू दिलेला नाही. शिकवणीचा वर्ग काही वर्षं मीही घेतला. पोरांना त्या बांधावर नेऊन तोच प्रश्न विचारायचे, पण चित्रं वाटली नाहीत.

बाक त्याच वर्षी ईस्टरला तयार झाले होते. पहिल्या बाकावर पपांनी बसावं असं फादरनी सांगून ठेवलं होतं. पपा आले ते मागे दाराजवळ उभे राहिले. त्या रविवारी उभे राहिले, पुढच्याही राहिले, आणि मग उभेच राहत गेले. लोकांना वाटायचं, त्यांना पाठीमुळे बसवत नाही. फादर बदलले, नवे आले, त्यांनी खुर्ची आणून ठेवली, ती तशीच राहायची. माझ्या लग्नात मला आत आणून सोडलं आणि परत दाराजवळ जाऊन उभे राहिले. तेव्हा मी त्यांच्यावर रागावले होते. मला वाटलं, ते मला अजून शिक्षा देताहेत. एकदा तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "तुझं काय त्यात? तू पोर होतीस. कांद्याला ऊन मला हवं होतं."

पपा गेले तेव्हा हसनचाचा फार थकला होता. आखातातल्या मुलाचा पोरगा आता मोठा झाला होता, त्याने त्याला धरून आणलं. तो चर्चमध्ये कधी आला नव्हता. दारात चपला काढून, टोपी नीट करून तो आत आला, पेटीजवळ उभा राहिला, मग माझ्याकडे वळून विचारलं की ते बाक कुठले. मी दाखवले. पहिल्या बाकाच्या पाठीवरून त्याने पोफळीच्या खोडावरून फिरवायचा तसा हात फिरवला आणि म्हणाला, लाकूड चांगलं निघालं. मी त्याला मागे खुर्ची देऊ का विचारलं, तिथे पंखा होता. तो नको म्हणाला.

"तुझा बाप हितं बसला न्हाय कधी. मला म्हणाला होता, हसनभाई, तू बसशील तवा मी बसेन. मी म्हटलं, मी कशाला येतो तुमच्या चर्चमधी."

तो बाकावर सावकाश टेकला, सरकून कडेला झाला आणि शेजारची जागा मोकळी ठेवली. मिस्सा संपेपर्यंत तिथे त्याने कुणाला बसू दिलं नाही.